फोनले मी रोज "हो" म्हनत होती

"टीबी नहीं है," डॉक्टर मॅडम म्हनली. "अस्थमा है. ब्रॉन्कियल अस्थमा."

टीबी नाही हे ऐकून आमचे हे खुर्चीवर मागं टेकले. मी नाही टेकली. अस्थमा म्हनजे दमा, एवढं मले मालूम होतं. माह्या माहेरी गोंदियाकडं आमच्या गल्लीत एक म्हातारे होते दम्याचे, ते दिवसभर खाटेवर समोर वाकून बसून राहत, अन् आमी पोरी त्यायच्या दारासमोरून पळत जाओ. ते सत्तर वर्षाचे होते. मी तेवीसची. मांडीवर माही गुड्डी, दहा महिन्याची, अंगावर पिनारी. मले इचाराचं होतं की हिले दूध पाजू का नको. पन तेवढं बी एका दमात निघत नव्हतं. "मॅडम, दूध," एवढंच निघालं.

मॅडम समजली. "पिलाओ. दूध से बीमारी नहीं जाती. दवा से भी बच्ची को कुछ नहीं होगा."

मग तिनं कागदावर उलटं झाड काढलं. म्हने ह्या तुह्या छातीतल्या नळ्या. धूळ, धुव्वा, थंडी लागली की ह्या आतून सुजते, आवळून जाते, अन् हवा जाले जागा राहत नाही. "जड़ से नहीं जाएगा, पर काबू में रहेगा. रोज दवा लोगी तो सब काम करोगी."

जड से नहीं जाएगा, एवढंच मले ऐकू आलं. बाकीचं बाहेर आल्यावर आमच्या यायनं परत सांगतलं.

ज्या बाईले सिढ्या चढताना मधातच उभं राहा लागते, अन् जी लोकायले "काही नाही, थकली" असं म्हन्ते, तिच्यासाठी मी हे सांगून राहिली. मी बी सहा महिने हेच म्हनत होती.

आमचं घर इकडं हिंदी मुलखात, सुपेल्याच्या बाजारामागं, वरच्या मजल्यावर दोन खोल्या. सासू-सासरे, ननंद मीना, आमी दोघं अन् गुड्डी. हे लोखंडाच्या प्लांटमधे ठेक्यावर जाते. नळ खाली. गुड्डी झाल्यानंतरच्या पावसाळ्यात मले खोकला लागला. पहाटे जास्त. मग छातीतून शिटी वाजाले लागली, बारीक, जशी कुकरची शिटी व्हाच्या पहिले वाजते तशी. सासूबाईनं अडुळशाचा काढा देल्ला, हळद देल्ली, छातीले तेल लावलं. दोन दिवस बरं वाटे. मग खालून बादली आनताना तिसऱ्या सिढीवर मी बसून जाओ.

घरात कोनी टीबी हा शब्द तोंडातून काढला नाही. पन एक दिवस माह्या लक्षात आलं की माहा गिलास वेगळ्या जागी ठेवला जाऊन राहिला. कोनी ठेवला ते मी इचारलं नाही. गुड्डी रडली तर मीना मले देण्याच्या पहिले एकदा आईकडं पाहे. मी त्या गिलासातच पानी पिलं.

ज्या दिवशी मी गुड्डीले हाक मारली अन् "गु" म्हनल्यावर पुढचं निघालंच नाही, त्या दिवशी हे मले दवाखान्यात घेऊन गेले. सरकारी मोठा दवाखाना, दुर्गकडं. नाव काही सांगत नाही, तिथले लोक चांगले होते.

पहिल्या दिवशी थुंकीच्या दोन डब्या अन् एक्स-रे. तीन दिवसानं परत. थुंकी साफ आली. मग स्पायरोमेट्री नावाची टेस्ट. म्हनजे एका नळीत फुंकाचं, मशीन मोजते की तुमच्या छातीत किती हवा आहे अन् ती किती जोरानं बाहेर येते. नाकाले चिमटा लावते. तिथला मानूस जोरजोरात म्हने, "और, और, और, छोड़ना मत." बाहेर बसलेल्या बायायले वाटलं असन आत काय होऊन राहिलं. मी फुंकता फुंकता रडली. तो म्हने, "रोना बाद में, पहले फूंको." हसू बी आलं. त्यानं तीनदा फुंकवलं. मग एक दवा ओढाले लावून परत तीनदा.

त्यानंतर मॅडमनं ते उलटं झाड काढलं, जे मी सुरुवातीले सांगतलं.

दवा देनारी शीला सिस्टर. तिनं माह्या हातात एक छोटी मशीन देल्ली, ड्राय पावडर इन्हेलर. आपले लोक त्याले पंप म्हनते. त्याच्यात एक कॅप्सूल टाकाची, मशीन फिरवाची, कॅप्सूल आतमधे फुटते, मग तोंडाले लावून जोरानं आत ओढाचं. पावडर सरळ छातीत जाते. दहा मोजेपर्यंत श्वास धराचा. मग चूळ भराची, नाहीतर तोंडात छाले, म्हनजे फोड येते. तिनं माह्याकडून दोनदा करून घेतलं. "सुबह एक, शाम एक. अच्छी हो गई तब भी लेना है."

मग तिनं यायचा फोन नंबर लिहून घेतला. दवाखान्यातून रोज संध्याकाळी फोन येईन म्हने. मानूस नाही, भरलेला आवाज. "क्या आपने आज दोनों टाइम की दवाई ली? हाँ के लिए एक दबाइए, नहीं के लिए दो." अन् दर इतवारी अजून एक सवाल, "इस हफ्ते साँस फूली?" त्याले बी तसंच, फुलली तर एक, नाही तर दोन.

आमच्या घरी चालू फोन एकच, यायचा. त्याचा कानाचा आवाज गेलेला, नुसता स्पीकर चाले. म्हनून त्या बाईचा आवाज पूर्ण घर ऐके. पहिल्या दिवशी सासरे म्हनले, "कोन आली?" मीना म्हनली, "वहिनीची नवी सासू."

पहिले बारा दिवस मले वाटलं मी दुसरीच कोनी आहे. चौथ्या दिवशी शिटी बंद. आठव्या दिवशी बादली एका दमात वर. संध्याकाळी फोन आला की मी एक दाबो, ती बाई "शाबाश" म्हने, गुड्डी टाळ्या वाजवे. हे सेकंड शिफ्टले असले तर फोन त्यायच्यासोबत जाये. तेव्हा हेच तिकडं एक दाबत. "तू घेतलीच असशीन, मले मालूम आहे," म्हनत. अन् मी घेतच होती.

मग मीनाची सोयरिक निघाली.

पोरगा बालोदचा, नोकरीवर. पोराची आत्या आमच्याच मोहल्ल्यात, दोन गल्ल्या सोडून. पोरगी पाहून गेले ते गेले, मग ती आत्या रोज काही ना काही निमित्तानं यायले लागली. कधी कढीपत्ता, कधी सुईधागा. सरळ आतल्या खोलीत येऊन बसे. ती पाहाले येते हे सगळ्यायले समजत होतं, ती बी लपवत नव्हती.

सासूबाई मले बाजूले घेऊन म्हनल्या, "हे पाय पूजा, मी तुले दवा नको घेऊ म्हनत नाही. पन ते भोंगा तोंडाले लावून बसनं तिनं पाह्यलं तं गावभर होईन. दम्याचं घर म्हनतीन. मीनाचं जमू दे, मग दारात बसून घे."

मी म्हनलं, "पन आई, दवा सोडाची नाही म्हने सिस्टर."

"सोडू नको ना. कॅप्सूल खा. दवा तं त्या कॅप्सूलमधेच आहे, भोंग्यात थोडी आहे. पान्यासोबत घे, पोटात गेली म्हनजे झालं."

मी सातवी शिकली. पन खरं सांगते, बारावीवाल्या मीनाले बी यात काही गलत वाटलं नाही. ताप आला तं गोळी गिळतो, अंग दुखलं तं गोळी गिळतो. ही बी कॅप्सूलच दिसे. मशीन कपड्यात गुंडाळून लोखंडी पेटीत गेली, लग्नाच्या साड्यायखाली. अन् मी सकाळ-संध्याकाळ एक एक कॅप्सूल पान्यासोबत गिळाले लागली.

संध्याकाळी फोन इचारे, दवाई ली? मी एक दाबो. मी झूठ बोलत नव्हती. ती बाई म्हने, शाबाश.

आठ-दहा दिवसात शिटी परत आली. मले वाटलं थंडी वाढली. मग वाटलं खालचे लोक सकाळी शेगडी पेटवते, त्याचा धुव्वा. मग वाटलं माह्या नशिबात हेच आहे, मॅडम बोललीच होती, जड से नहीं जाएगा. सगळं मनात आलं, कॅप्सूल नाही आली.

इतवारी सवाल आला, साँस फूली? मी एक दाबाले बोट नेलं. सासूबाई कनिक मळत होत्या, मान वर न करता म्हनल्या, "दोन दाब. दवाखान्यातून कोनी घरी आलं म्हनजे मोहल्ला इचारीन." त्यायच्या आवाजात राग नव्हता. भेव होतं. मीनाले एक जागा पहिले बी आली होती, ती मोडली होती. मी दोन दाबलं. त्याच्या पुढच्या इतवारी बी दोन.

त्याच्या पुढच्या आठवड्यात माहं जेवन कमी झालं. घास चावताना दम लागे. गुड्डीले पाजाले घेतलं की तिचं वजन छातीवर सहन होत नव्हतं, मी तिले बाजूले झोपवून पाजो. बोलनं कमी केलं. आत्या आली की मी कपडे वाळत घालाच्या निमित्तानं गच्चीवर जाओ अन् तिथं भिंतीले हात लावून उभी राहो. ती एकदा म्हनली, "तुमची सून लाजाळू आहे." सासूबाई म्हनल्या, "हो ना, पहिल्यापासूनच."

तिसऱ्या इतवारी दुपारी गुड्डी पहिल्यांदा काही न धरता उभी राह्यली. माह्याकडं पाहून हात पुढं केले. मी भिंतीले टेकून बसली होती, दोन हात अंतरावर. मले उठता आलं नाही. "ये" बी म्हनता आलं नाही. ती थोडा वेळ उभी होती, मग धपकन खाली बसली अन् रांगत आली.

त्या दिवशी फोन आला. सगळे घरात. दवाई ली? एक. मग दुसरा सवाल. सासूबाईनं माह्याकडं पाह्यलं. मी फोन मांडीवर घेतला अन् एक दाबलं. फोनमधली बाई म्हनली, "धन्यवाद," अन् मले वाटलं आता घरात काय होते तं होवो.

सोमवारी सकाळी शीला सिस्टरचा फोन, खुद्द तिचा. हे सेकंड शिफ्टले जानार होते म्हनून फोन घरीच होता. स्पीकरवर.

"पूजा, तुम्हारा रोज का एक आ रहा है. फिर साँस कैसे फूली? दवा लेते टाइम का वीडियो भेजो. अभी की दवा बाकी है?"

बाकी होती. मी तोंड धुतलं, केस विंचरले, चांगली ओढनी घेतली. सिस्टर पाहीन म्हनून. मीनानं फोन धरला. मी कॅप्सूल जिभेवर ठेवली, पानी पिलं, गिळली, अन् वरून तोंड उघडून दाखवलं की पाहा, गेली. मीना म्हनली, "वा वहिनी, एकदम टीव्हीवानी." पाठवला.

फोन लगेच आला.

"पूजा, यह पानी के साथ कब से ले रही हो?"

"बीस-पच्चीस दिन से, सिस्टर."

तिनं माहा व्हिडिओ परत लावला, मीनाचं "वा वहिनी" मले इकडं ऐकू आलं.

"मशीन कहाँ है?"

मी सासूबाईकडं पाह्यलं. सासूबाईनं पेटीकडं पाह्यलं. "पेटी में," मी म्हनलं.

"निकालो. बेटा, वो पेट की दवा नहीं है, छाती की है. पेट में जाके कुछ काम नहीं करती. तुम्हारी आवाज ठीक नहीं लग रही. मशीन लेके अभी आओ, आज ही."

साड्या कोनं किती बाहेर फेकल्या माहीत नाही. पेटीतून मशीन सासूबाईनंच काढली.

ऑटोत पुलावरची धूळ लागली अन् छाती बंदच झाली. मले आठवते ते एवढंच की हे ऑटोवाल्याले काहीतरी म्हनत होते अन् माह्या बोटायची नखं निळी दिसत होती. मले मरन दिसलं नाही, लोक म्हनते तसं काही. मले गुड्डी दिसली, दोन हात अंतरावर उभी.

दवाखान्यात बोटाले चिमटा लावला, तो पल्स ऑक्सिमीटर, रक्तात ऑक्सिजन किती आहे ते सांगते. आकडा कमी होता, सिस्टर लोकायचे पाय भरभर चालाले लागले. ऑक्सिजन लावला. मग नेब्युलायझर, म्हनजे दवा वाफेसारखी करून मास्कमधून देते. हातात सुई. तिसऱ्या वेळच्या वाफेनंतर छातीचं दार थोडं उघडलं. दोन दिवस भरती ठेवलं. मीना गुड्डीले पाजाले घेऊन ये. गुड्डी मास्क पाहून पहिले रडली, मग त्याची नळी धरून ओढाले लागली.

डॉक्टर मॅडमनं मले झापलं नाही. म्हने, "अच्छा किया इतवार को सच दबाया." शीला सिस्टर पलंगाजवळ आली तेव्हा मी तिचे पाय धरीन असं झालं होतं. मी म्हनलं, "सिस्टर, मैं अनपढ़, गलती हो गई."

"गलती हमारी भी है," ती म्हनली. "फोन इतने दिन पूछता रहा, दवा ली क्या. कैसे ली, यह किसी ने नहीं पूछा."

सासूबाई संध्याकाळी आल्या. स्टुलावर बसल्या, माहा हात हातात घेतला. "मले वाटलं पोटातच तं जाते."

"मले बी वाटलं, आई."

"तुहा गिलास मीच वेगळा ठेवला होता वो." एवढं म्हनून त्या पदर डोळ्याले लावून बसल्या. मी हात सोडला नाही.

तेवढ्यात पोराची आत्या आली. मोहल्ल्यात ऑटो पाह्यला होता तिनं. पलंगाजवळच्या लॉकरवर मशीन ठेवलेली. सासूबाईनं पटकन पदर त्याच्यावर टाकला. मग थोड्या वेळानं त्यायनंच तो पदर मागं घेतला. "सुनेले दमा आहे, बाई," त्या म्हनल्या. "आमीच तिची दवा लपवली होती, म्हनून ही इथं आहे. रोज घेतली तं चांगली राहते म्हने डॉक्टर."

आत्या म्हनली, "असं का." चहा पिऊन गेली.

सोयरिक तिथं जमली नाही. माह्या पंपानं की दुसऱ्या कारनानं, आमाले कोनी सांगतलं नाही. मले लय दिवस वाटे की मीनाचं माह्यामुळं गेलं. एक दिवस मी तिले म्हनलं. ती भांडे घासत होती. म्हने, "वहिनी, त्या घरी मले जलमभर काही ना काही पेटीत ठेवा लागलं असतं. अन् तो पोरगा बी सेल्फी काढतानाच हसे." मग मले पान्याची छिटकी मारली.

आता चार महिने झाले. मशीन सकाळ-संध्याकाळ, सगळ्यायसमोर. चूळ भराची. खालच्या लोकायले सासूबाईनं स्वतः जाऊन सांगतलं की शेगडी मागच्या बाजूले पेटवा, घरात दम्याचं मानूस आहे. ज्या शब्दाले त्या भीत होत्या तो त्यायनं दारादारात नेला. दर सोमवारी मी सिस्टरले व्हिडिओ पाठवते. माहा तो पहिला व्हिडिओ, तोंड उघडून दाखवनारा, तिनं इचारून ठेवून घेतला. नव्या सिस्टर लोकायले दाखवते म्हने. पहिले लाज वाटली. मग म्हनलं दाखवा, फक्त माहं नाव सांगू नका. आता नव्या मानसाले मशीन देल्ली की आठ दिवसानं त्याचा बी व्हिडिओ मागते.

बहिनी हो, फोन इचारन तेव्हा खरं ते दाबा. घरातले काय म्हनतीन ते नंतर पाहता येते. अन् दवा कशी घेता ते एकदा देनाऱ्याले करून दाखवा, तुमी कितीही शिकलेल्या असा. शीला सिस्टरचे उपकार मी मानते, पन सगळ्यात जास्त त्या एका गोष्टीचे, की तिनं माह्या "हो" वर विश्वास ठेवला नाही अन् तरी मले झूठी म्हनलं नाही.

मागच्या महिन्यात सासऱ्यायची बीपीची गोळी सुरू झाली. त्यायले बी फोन येते, ते बी रोज एक दाबते, मोठ्या रुबाबात. परवा सासूबाई फोन घेऊन त्यायच्या समोर जाऊन बसल्या. "गोळी कशी खाता ते दाखवा."

"तोंडानं खातो. कशी खाते लोकं?"

"दाखवा तं."

सासऱ्यायनं गोळी काढली, दातानं अर्धी तोडली, अर्धी खाल्ली अन् अर्धी परत पाकिटात ठेवली.

"हे काय?" सासूबाई म्हनल्या.

"उद्याची. मले आता बरं वाटते, पूर्ण कशाले पायजे."

सासूबाईनं मीनाले हाक मारली. "मीना, हे सिस्टरले पाठव."

सासरे म्हनले, "माह्याच घरात मले चोरावानी पकडून राहिले."

"पकडून नाही राहिलो," सासूबाई म्हनल्या. "पाहून राहिलो. अगोदर पाहाले पायजे होतं."